६४० केबीतली दाटीवाटी

गिरगावात मामांच्या दुकानात ४८६ (नव्वदच्या दशकातला पीसी) होता, त्यावर एमएस-डॉस ६ ही कमांड टाइप करून चालवायची ऑपरेटिंग सिस्टिम. लॅमिंग्टन रोडवरून माऊस आणून जोडला आणि हिशेबाचा प्रोग्राम अडून बसला: मेमरी पुरत नाही म्हणे. रॅम चांगली ४ एमबी! पण डॉसचे साधे प्रोग्राम पहिल्या ६४० केबीतच चालायचे, आणि माऊसचा ड्रायव्हर (माऊस चालवणारा छोटा प्रोग्राम) नेमका तिथेच ठाण मांडून. ‘मेम /सी’ ही कमांड दिल्यावर कोणी किती जागा अडवलीय ते दिसलं.

मग ६४० केबीच्या वरची मेमरी वापरता यावी म्हणून कॉन्फिग.सिस या सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फायलीत ओळी घातल्या: आधी हायमेम.सिस, त्याखाली ईएमएम३८६.ईएक्सई ‘नोईएमएस’सकट, मग ‘डॉस=हाय,यूएमबी’. ऑटोएक्झेक.बॅट या तशाच दुसऱ्या फायलीत माऊसच्या ओळीआधी ‘एलएच’, म्हणजे ड्रायव्हर त्या वरच्या जागेत जाईल. रीस्टार्ट केल्यावर प्रोग्राम सुरू. (डॉससोबतचा मेममेकर प्रोग्राम हे आपोआप करायचा, पण माझा त्याच्यावर भरवसा नव्हता.) बिघडलंच तर ‘स्टार्टिंग एमएस-डॉस’ दिसताच एफ५ दाबून दोन्ही फायली टाळता यायच्या.

मामा म्हणाले, “चाललंय ना? मग आता हात लावू नकोस.”