पीक्यूआरमध्ये (वेल्डिंगची पद्धत टेस्ट करून पास झाल्याचा रेकॉर्ड) टेन्साईल, बेंड पास पण वेल्ड मेटलचा इम्पॅक्ट फेल: माझा अनुभव

प्लेट एसए ५१६ ग्रेड ७० (प्रेशर व्हेसलचं कार्बन स्टील), जाडी २० मिमी, रॉड ई ७०१८-१, पोझिशन ३जी (उभा जोड), खालून वर. रेडिओग्राफी क्लिअर, टेन्साईल आणि साईड बेंड पास, पण -४६ डिग्रीला वेल्ड मेटलचे चार्पी (खाच पाडलेला तुकडा एका फटक्यात तोडायची इम्पॅक्ट टेस्ट) हव्या असलेल्या २७ ज्यूलच्या खालीच. एचएझेड (वेल्डशेजारचा उष्णतेने बदललेला प्लेटचा भाग) मात्र ओके. रॉडची बॅच बदलली, परत बेक केले, दुसऱ्या लॅबमध्ये पण पाठवलं, काही फरक नाही. प्रत्येक वेळी नवीन कुपन (टेस्टसाठी वेल्ड केलेली प्लेट) म्हणजे डोक्याला ताप नुसता.

शेवटी ट्रॅव्हल स्पीड मोजला. २४ व्होल्ट, १३० अँपिअर आणि स्पीड फक्त ७० मिमी प्रति मिनिट, म्हणजे २४×१३०×६०÷७०, हीट इनपुट (वेल्डच्या दर मिमीला जाणारी उष्णता) जवळपास २.७ किलोज्यूल प्रति मिमी! एवढ्या उष्णतेनेच इम्पॅक्ट पडत होता. वेल्डर रुंद विव्हिंग (रॉड डावी-उजवीकडे हलवणं) करत होता आणि डब्ल्यूपीएसच्या (वेल्डरला द्यायच्या लेखी सूचना) ड्राफ्टमध्ये फक्त अँपिअर-व्होल्टची रेंज होती, त्याला तरी कोण काय सांगणार.

मग असं केलं: आधी रॉड ४ मिमीचा काढून ३.१५ मिमीचा घेतला, मग ११५ अँपिअर, २२ व्होल्ट सेट केलं, विव्हिंग रॉडच्या तिप्पट रुंदीच्या आत ठेवून पातळ जास्त पास मारले, प्रत्येक पासआधी थर्मल चॉकने (ठराविक तापमानाला वितळणारा खडू) इंटरपास, म्हणजे दोन पासमधलं तापमान, १७५ डिग्रीच्या खाली आहे ना ते बघितलं, आणि प्रत्येक पासची लांबी आणि वेळ लिहिली. स्पीड ९५ आला, हीट इनपुट १.६. तिन्ही पीस आरामात पास.

डब्ल्यूपीएसमध्ये हीट इनपुटची कमाल मर्यादा आता हीच टाकलीय, कारण इम्पॅक्ट लागू असेल तर एएसएमई कोडच्या सेक्शन नाईनच्या (वेल्डिंग क्वालिफिकेशनचे नियम) क्यूडब्ल्यू-४०९.१ प्रमाणे पीक्यूआरपेक्षा वर गेलात की परत क्वालिफाय करावं लागतं.