मेसेज-आयडी बनवताना मी खाल्लेली माती

न्यूजग्रुपवर, म्हणजे यूजनेटवरच्या चर्चामंचावर, लेख पाठवणारा प्रोग्राम लिहायला घेतला, की मेसेज-आयडी, म्हणजे प्रत्येक लेखाची एकमेव ओळखखूण, हा भाग सगळ्यात किरकोळ वाटतो. कोनाकार कंसात डावीकडे काहीतरी, मध्ये अ‍ॅट चिन्ह, उजवीकडे डोमेन. मी डावीकडे सेकंदांतली वेळ आणि प्रोसेसचा नंबर (चालू प्रोग्रामला सिस्टिम देते तो) जोडला, उजवीकडे 'लोकलहोस्ट' (कुठलंही मशीन स्वतःला ज्या नावाने ओळखतं ते) ठेवलं आणि चहाला गेलो.

कणकवलीत आषाढ लागला, लाईटचा खेळ सुरू झाला आणि लेख गायब व्हायला लागले. प्रोग्राम म्हणे 'पाठवला', ग्रुपवर पत्ता नाही. दोन दिवस मी मोडेमला शिव्या घातल्या. शेवटी टेलनेटने थेट न्यूज सर्व्हरच्या ११९ पोर्टवर जाऊन 'स्टॅट' (हा लेख आहे का, असं विचारणारी आज्ञा) आणि पुढे हरवलेल्या लेखाचा आयडी टाकला. उत्तर २२३, म्हणजे लेख आहे! मागवून बघतो तर माझाच तीन दिवसांपूर्वीचा, भलताच लेख.

शेजारी बसणारे सिनियर तेवढंच म्हणाले, "घड्याळ बघलंस काय रे?"

मदरबोर्डवरचा सेल मेला होता. लाईट जाऊन आली की घड्याळ पुन्हा त्याच जुन्या १ जानेवारीवर. प्रोग्राम मशीनबरोबर आपोआप सुरू होऊन रांगेतला लेख लगेच सोडायचा, त्यामुळे कधीकधी सेकंदही तोच, प्रोसेस नंबरही तोच. सर्व्हरला वाटे, हा लेख आपल्याकडे आहेच. तो ४४१ ('लेख घेतला नाही') हे उत्तर देऊन नाकारत होता आणि माझा प्रोग्राम ते उत्तर वाचतच नव्हता.

तेव्हा डावीकडे वेळ घाला हवी तर, पण भिस्त ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेतलेल्या किमान ६४ यादृच्छिक (रँडम) बिटांवर ठेवा. ते ३६च्या पायात, म्हणजे अंक आणि लहान इंग्रजी अक्षरं वापरून लिहा. लहानच अशासाठी, की आयडीत लहान-मोठं अक्षर वेगळं धरतात. न्यूजग्रुपच्या लेखांचं मानक असलेल्या आरएफसी ५५३६ प्रमाणे कंसांसकट लांबी २५० बाइटांच्या आत हवी, पण तिथवर जायची वेळ येत नाही. उजवीकडे स्वतःच्या ताब्यातलं डोमेन हवं. 'लोकलहोस्ट' म्हणजे आंब्याच्या पेटीवर मार्का म्हणून 'आमची बाग' लिहिण्यातला प्रकार; वाशीच्या बाजारात कुणाची म्हणून ओळखणार?

नवखे खरे फसतात ते पुढे. लेख पाठवला, उत्तर यायच्या आत लाईन तुटली. पोचला की नाही, कळत नाही. अशा वेळी पुन्हा पाठवताना नवा आयडी बनवलात, तर ग्रुपवर एकच लेख दोनदा. तोच आयडी ठेवलात, तर पहिला पोचला असल्यास सर्व्हर दुसरा टाकून देतो आणि तुमचं काम झालेलं असतं. म्हणून आयडी पाठवताना बनवू नका. लेख रांगेत पडतो तेव्हाच बनवून त्याच्याबरोबर फाइलीत लिहून ठेवा. आमच्याकडे पावसात लाईन दिवसातून चारदा तुटायची, त्यामुळे हे मी लवकर शिकलो.

मजकूर दुरुस्त करून परत टाकायचा असेल, तर मात्र तो नवा लेख. त्याला नवा आयडी द्या आणि जुना आयडी लेखाच्या शीर्षभागात 'सुपरसीड्स' (या लेखाची जागा नव्याने घेतली, असं सांगणाऱ्या) ओळीत लिहा.