मळणीआधी टॅपेट कव्हरची गळती थांबवा, पण ब्रीदर आधी उघडा

ऊन तापलंय, वारा कोरडा आहे, काड वाळून खडखडीत झालंय. अशा दिवसांत ट्रॅक्टरच्या टॅपेट कव्हरमधून, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या व्हॉल्व्हवरच्या झाकणातून, ओघळणाऱ्या ऑइलकडे 'थोडंसंच तर गळतंय' म्हणून काणाडोळा करू नका. ते खाली तापलेल्या मेनिफोल्डवर (इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) पडतं, त्यावर मळणीचा भुसा चिकटतो आणि लोडवर तेवढ्यानेच धग धरते. रचलेल्या गंज्या अशा जळालेल्या पाहिल्या आहेत, म्हणून हे मळणी लागायच्या आत करा.

कव्हरखालचं पॅकिंग नवीन, तरी गळती चालूच, ही तक्रार नेहमीची. पिस्टनच्या कडेने थोडा धूर क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोटात, उतरतोच. त्याला बाहेर जायची वाट म्हणजे ब्रीदर. ती बुजली की आत दाब साठतो आणि ऑइल कमजोर जोडातून बाहेर ढकललं जातं. नळीच्या तोंडाशी धुळीचा चिकट लगदा सापडतो, कधी कुंभारमाशीचं मातीचं घर. काहींनी तर थेंब पडतात म्हणून तिथे चिंधीच कोंबलेली असते! चिंधी काढा. जाळी डिझेलमध्ये धुऊन वाळवा, नळीतून फुंकर आरपार जाते का पाहा. माझा ठोकताळा असा, की एकाच हंगामात दुसऱ्यांदा गळती लागली तर दोष पॅकिंगचा क्वचितच.

गळतंय नेमकं कुठून, तेही बघा. इंजिन गार असताना जोड पुसून कोरडा करा, त्यावर खडूची पूड भुरभुरा आणि पंधरा मिनिटं चालवा. पूड जिथे काळी पडेल तिथे गळती.

पॅकिंग बदलताना:
– गार इंजिन, वरची धूळ आधी साफ
– जुनं पॅकिंग पूर्ण खरवडा, कण आत पडू देऊ नका
– कव्हर काचेवर ठेवून बाक तपासा
– उघडलंच आहे तर टॅपेट गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट) बघून घ्या
– बोल्ट मधल्यापासून कडेकडे आवळा, दोन-तीन फेऱ्यांत

बोल्ट आवळण्यात फार जण चुकतात. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण 8 ते 10 न्यूटन-मीटर पुरतं. तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा. पान्याला पाइप लावून आवळलं की कॉर्कचं पॅकिंग फाटतं, पत्र्याचं कव्हर बोल्टपाशी दबतं आणि मग कुठलंच पॅकिंग बसत नाही.

दुकानदार गळती थांबवणारं औषध किंवा जाड ऑइल गळ्यात मारेल. फाटलेलं कॉर्क औषधाने सांधत नाही, आणि ग्रेड पुस्तकातलीच ठेवा. सांधायचं सिलिकॉनही सगळीकडे थापू नका. आत सुटलेला तुकडा ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतो. पुस्तकात सांगितलं असेल तिथेच, बारीक रेघ.

सगळं करून शेवटी इंजिन आयडलवर ठेवा, ऑइलचं झाकण सैल करून तोंडावर नुसतं टेकवा. हलकं थरथरलं तर ठीक. उडून पडलं आणि धुराचे भपकारे आले, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, मिस्त्रीला दाखवा. तोवर ऑइल वरच्या खुणेपुढे भरू नका, मेनिफोल्डवरचा भुसा इंजिन गार झाल्यावर दर वेळी झाडा आणि मळणी यंत्राचा भुसा ट्रॅक्टरवर येईल अशा वाऱ्यात यंत्र लावू नका.