या चुका टाळा: केमिस्ट्रीच्या पहिल्या प्रॅक्टिकलआधी एवढं वाचाच

सोलापुरात पाणी १०० डिग्रीला उकळत नाही बरं का. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचावर, हवेचा दाब तेवढा कमी, म्हणून थर्मामीटर चांगला असेल तर तो साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास थांबतो आणि पाणी खळाखळा उकळत असतं. पण अकरावीच्या वह्या तपासायला घेतल्या की पानोपानी १००. एका पोरीला विचारलं, तुला किती दिसलं गं? म्हणाली, "मॅडम, ९८ च दिसत होतं, पण पुस्तकात १०० आहे ना." मला फार वाईट वाटलं, कारण तिचं रीडिंग बरोबर होतं आणि तिनं ते स्वतःच खोडलं. दिसलं ते लिहा. फारच वेगळं आलं तर आधी बघा, थर्मामीटरचा बल्ब बीकरच्या तळाला टेकलाय का, कारण तळ पाण्यापेक्षा गरम असतो आणि रीडिंग उगाच वर जातं.

दुसरं म्हणजे पंखा. मे महिन्यात पंखा बंद करा म्हटलं की सगळे तोंड वाकडं करतात, मला कळतंय, पण डिजिटल काट्यावर शेवटचे दोन आकडे नाचत असतील तर नव्वद टक्के वेळा वरचा पंखाच कारण असतो. दोन मिनिटं बंद करा, काट्याची दारं असतील तर लावा, आकडा थांबला की मग लिहा. गरम क्रुसिबल (पदार्थ तापवायची छोटी वाटी) तसंच काट्यावर ठेवू नका, आजूबाजूची हवा तापून वर जाते आणि वजन कमी दिसतं. आणि कागद ठेवून टेअर (आकडा शून्यावर आणायचं बटण) दाबायला विसरलात तर कागदाचं वजन तुमच्या मिठात जमा होतं.

कॉस्टिकचे, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडचे, दाणे तर काट्यावर बघता बघता ओले होतात, पावसाळ्यात तर विचारूच नका, हवेतलं पाणी ओढून वजन वाढतच राहतं. कागदावर घेऊ नका, चिकटतात, वॉच ग्लासवर घ्या आणि पटकन उरका. म्हणूनच ४ ग्रॅम मोजून लिटरभर केलं तरी ते नेमकं ०.१ मोलर झालं असं धरायचं नाही, ऑक्झॅलिक ॲसिडशी टायट्रेट करून, म्हणजे तीव्रता माहीत असलेल्या त्या द्रावणाशी किती मिली लागतं ते मोजून, खरी तीव्रता काढावी लागते.

आता ब्युरेट, म्हणजे टायट्रेशनची खाली तोटी असलेली उभी मोजनळी, इथं सगळ्यात जास्त मार्क जातात. भरून झाल्यावर वरचं फनेल काढत नाहीत, मग मधेच त्यातून एखादा थेंब पडतो आणि तीन रीडिंग काही केल्या जुळत नाहीत. तोटीखाली हवेचा बुडबुडा अडकलेला असतो तो वेगळाच, आधी तोटी जोरात उघडून तो घालवा. डोळा द्रवाच्या पातळीच्या रेषेत आणा, स्टूलवर बसून वर बघत वाचू नका. पाण्यासारख्या द्रवाचा खालचा वळलेला कडा वाचायचा, पण पोटॅशियम परमँगनेट इतकं गडद असतं की खालचा कडा दिसतच नाही, तिथं वरचा वाचा, फक्त सुरुवातीला वरचा घेतला तर शेवटीही वरचाच. परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडच्या टायट्रेशनमध्ये गुलाबीऐवजी तपकिरी गढूळ झालं तर सल्फ्युरिक ॲसिड कमी पडलंय. पहिल्या थेंबांचा रंग जाता जात नसेल तर ऑक्झॅलिक ॲसिड थंड आहे, ६० ते ७० डिग्रीला गरम करून घ्या.

रीडिंग १० असेल तर १०.० लिहा, कारण ब्युरेटवर ०.१ मिलीच्या रेघा आहेत. उलट कॅल्क्युलेटरवर ०.०४८५४३६ दिसलं म्हणून सगळं उतरवू नका, तुमच्या मोजमापात तेवढी अचूकता नाहीच. आणि वस्तुमान ग्रॅममध्ये, वजन न्यूटनमध्ये, हे एकदा डोक्यात बसवा.

साखर पाण्यात विरघळली की मिश्रण, पाणी आटवलं की साखर परत मिळते, तीच साखर पातेल्यात करपून काळी झाली की परत मिळत नाही, तो रासायनिक बदल. एवढं नीट कळलं तर मिश्रण आणि संयुगाचा घोळ आपोआप सुटतो.

आता जे चुकलं तर मार्क नाही, डोळा जाईल ते. सल्फ्युरिक ॲसिड पाण्यात घाला, पाणी ॲसिडमध्ये नाही. तीव्र ॲसिड पाण्याच्या जवळजवळ १.८ पट जड, वरून पाणी ओतलं तर ते वरच राहतं, तिथल्या तिथं इतकी उष्णता होते की उकळून ॲसिडसकट अंगावर उडतं. पिपेटमध्ये (ठरावीक माप घ्यायची काचनळी) द्रव तोंडानं ओढू नका, रबरी बल्ब वापरा. चप्पल घालून येऊ नका, ओढणी आणि वेणी बांधून घ्या, सिंथेटिक ओढणी बर्नरजवळ क्षणात पेटते आणि अंगाला चिकटते. टेस्ट ट्यूबचं तोंड शेजारच्याकडे नको.

अक्कलकोट रोडला ज्यांच्या घरचे डाईंगमध्ये (सूत-कापड रंगवायच्या कारखान्यात) कामाला आहेत त्यांना कॉस्टिक किती भाजतं ते माहितीय. ते अंगावर पडलं तर व्हिनेगर, लिंबू शोधत बसू नका, भिजलेला कपडा काढा आणि निदान वीस मिनिटं नळाखाली धरा, डोळ्यात गेलं तर धूतच राहा आणि तोवर कुणाला तरी रिक्षा बोलवायला पाठवा. आणि घरी सांगा, ब्लीचिंग पावडर आणि टॉयलेट धुवायचं ॲसिड कधीच एकत्र टाकायचं नाही, त्यातून क्लोरीन निघतो, आणि आपल्याकडच्या बाथरूमला बहुतेक एकच छोटी खिडकी असते.