चौदावा दिवस सगळ्यांचा नसतो
दिवस राहावेत म्हणून प्रयत्न करताना सरसकट पाळी सुरू झाल्यापासूनचा चौदावा दिवस धरू नका. तो हिशेब 28 दिवसांच्या चक्राचा. स्त्रीबीज साधारण पुढच्या पाळीच्या 14 दिवस आधी बाहेर पडतं. पाळी 35 दिवसांनी येत असेल तर एकविसाव्या दिवसाच्या आसपास. ते जेमतेम 12 ते 24 तास टिकतं, शुक्रजंतू मात्र 5 दिवसांपर्यंत. म्हणून बीज बाहेर पडण्याआधीचे दिवस जास्त मोलाचे. तेव्हा अंगावरून जाणारा स्राव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक होतो, दोन बोटांत ताणला तर तार धरतो. कॅलेंडरवर पाळीच्या तारखेसोबत हीही खूण करत जा. पाळी अनियमित असेल तर अ‍ॅपच्या अंदाजावर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवाच. पस्तिशी ओलांडली असेल तर प्रयत्नांच्या सहा महिन्यांनंतर डॉक्टरांकडे जायला अजिबात थांबू नका.