आयर्लंडच्या खेड्यात नोकरी लागलीय? मग हे आधी वाचा

एनएमबीआयचं (इथल्या नर्सिंग बोर्डाचं) रजिस्ट्रेशन, अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट, नोकरीचं परमिट, आयआरपी (रहिवासाचं) कार्ड यावर भरपूर लिहिलं गेलंय, ते परत सांगत नाही. हे लिहितेय ते डब्लिन-कॉर्कऐवजी एखाद्या खेड्यातल्या नर्सिंग होममधे, म्हणजे इथे वृद्धांच्या निवासी केंद्रात, नर्स म्हणून लागलेल्यांसाठी. मी रॉसकॉमन काउंटीत आहे. गाव म्हणजे एक मेन रस्ता, चर्च, प्रायमरी शाळा, दोन पब, क्रेडिट युनियन, पेट्रोल पंपाला लागून दुकान आणि जरा बाहेर जीएएचं (गेलिक फुटबॉल, हर्लिंग या इथल्या खेळांच्या संघटनेचं) मैदान, बाकी सगळी कुरणं आणि गुरं. पहिला हिवाळा जड जातो, खोटं कशाला सांगू. डिसेंबरात सव्वाचार-साडेचारला अंधार पडतो, ड्यूटीवरून आलं की घरात बोलायला कुणी नाही, मी त्या काळात खूप रडलेय आणि अजून ते दिवस आठवले की पोटात कालवतं. पण निघतो तो काळ, नक्की निघतो.

गाडीचं आधी उरकून घ्या. आपलं लायसन्स इथे बदलून मिळत नाही, थिअरी टेस्ट, लर्नर परमिट, ईडीटीचे (सक्तीच्या ड्रायव्हिंग शिकवणीचे) १२ धडे, मग ड्रायव्हिंग टेस्ट, असं सगळं परत करायचं. निघतानाच आरटीओकडून लायसन्स किती जुनं, कुठल्या गाड्यांचं असा दाखला घेऊन या, त्यावर धडे कमी होतात. लोकल लिंकची (खेड्यापाड्यांतली) बस आहे पण नाइट ड्यूटीला तिचा उपयोग नाही. आणि लर्नरवर एकट्याने गाडी चालवू नका, ‘खेड्यात कोण बघतंय’ म्हणणारे आपलेच लोक भेटतील, त्यांचं ऐकू नका, गार्डा, म्हणजे इथले पोलीस, गाडी जप्त करू शकतात. बऱ्याच घरांना नंबर नसतो, त्यामुळे आयरकोड (प्रत्येक घराचा वेगळा पिनकोड) पाठ पाहिजे, अ‍ॅम्ब्युलन्सला तोच सांगायचा.

आता मुख्य गोष्ट, जी मला कुणीच सांगितली नव्हती. मयत. इथल्या खेड्यात कुणी गेलं की जायचं असतं. आपल्याला, त्यातून पुण्या-मुंबईत वाढलेल्यांना वाटतं की ओळख जेमतेम, त्यांचं खाजगी दुःख, आपण परके, कशाला मधे जा. इथेच सगळे अडकतात, मीही अडकले होते. ज्यांनी आपल्याकडे खेड्यात मातीला अख्खा गाव जाताना पाहिलाय त्यांना हे पटकन कळेल. तुमच्या वॉर्डातली आजी गेली आणि तुम्ही रोज तिची वेणी घालत होतात, तर तिच्या मुलांना तुम्ही तिथे दिसायला हव्या असता. आला नाहीत तर कुणी काही बोलणार नाही, पण आलात तर वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

कसं करायचं ते सविस्तर सांगते. सकाळी आरआयपी डॉट आयई ही निधनाच्या नोटिसांची साइट बघायची, गावातले सगळे बघतात, लोकल रेडिओवर पण नावं वाचतात. दोन-तीन दिवसात सगळं उरकतं, आपल्या दहाव्या-तेराव्यासारखा वेळ नसतो, म्हणून ‘वीकेंडला जाऊन येईन’ चालत नाही. नोटीस पूर्ण वाचा. ‘रीपोजिंग’ (पार्थिव दर्शनाला ठेवणं) अमुक वेळ ते अमुक वेळ असं दिलं असेल तर त्या वेळात कधीही जा. ‘हाऊस प्रायव्हेट’ लिहिलं असेल तर घरी अजिबात जायचं नाही, फ्युनरल होमला (अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्यांच्या जागेत) किंवा चर्चलाच जायचं. फुलं फक्त घरच्यांची असं लिहिलं असेल तर बुके नेऊ नका, साधं कार्ड पुरे. आत रांग असते, बहुतेक वेळा पेटी उघडी असते, माणूस समोर दिसतं. जवळ एक क्षण थांबायचं, हात लावायची सक्ती नाही. मग घरचे ओळीने बसलेले असतात, प्रत्येकाशी हात मिळवून ‘सॉरी फॉर युअर ट्रबल’ म्हणायचं, ओळीत कोण कोण आहे माहीत नसलं तरी सगळ्यांशी. ओळख असेल तर गेलेल्या माणसाची एखादी आठवण सांगा, छोटीशी. मी एका मुलीला सांगितलं की तुझी आई चहात बिस्कीट बुडवताना मला रोज ‘एक तू घे’ म्हणायची, तिने माझा हात बराच वेळ सोडला नाही. मासला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) थांबलात तर कम्युनियनच्या, म्हणजे त्यांच्या प्रसादाच्या, वेळी आपण जागेवर बसून राहायचं, कुणाला खटकत नाही. नंतर चहा-सँडविचला बोलावलं तर जा, तिथेच खऱ्या ओळखी होतात. ड्यूटी असेल तर मॅनेजरला विचारा, फ्युनरल म्हटलं की तासाभराची अदलाबदल बहुधा होते. घाबरू नका, पहिल्यांदा हात थरथरतात, सगळ्यांचे थरथरतात.

२४ जानेवारी २०२५ ला एओविन वादळ आलं तेव्हा देशात सात लाखांवर ठिकाणची वीज गेली, आमच्याकडे ती कित्येक दिवस नव्हती आणि पाण्याचा पंप विजेवर, म्हणजे नळही कोरडा. एक शेतकरी ट्रॅक्टरवर चालणारा जनरेटर घेऊन घरोघरी फिरत होता, थोडा वेळ इथे पंप, थोडा वेळ तिथे फ्रीजर. आमचं घर त्याला माहीत होतं, कारण त्याच्या वडिलांच्या रिमूव्हलला (पार्थिव चर्चमधे नेतात तेव्हा) आमची ओळख झाली होती.

डब्लिनमधल्या आपल्या सिनियर मंडळींचा सल्ला असतो की स्टॅम्प ४ (परमिटशिवाय नोकरी करायची मुभा) मिळेपर्यंत कसेबसे दिवस काढा आणि सुटीच्या दिवशी डब्लिनला या. मला हा सल्ला मुळीच पटत नाही. दर सुटीला बस पकडून पळणारी माणसं वर्षभराने पण गावात परकीच असतात आणि मग म्हणतात गाव थंड आहे. जा अधूनमधून, वरण-भात आणि मराठी दोन्हीची गरज असते, पण रविवारी जीएएची मॅच असेल तर थांबा. १८८४ पासून ही संघटना गावागावात आहे, खेळाडू सगळे हौशी, त्यातला एखादा तुमच्या रेसिडेंटचा नातू असतो आणि सोमवारी वॉर्डात त्यावरच गप्पा. माजी पंतप्रधान लिओ वराडकरांचं नाव निघतंच, त्यांचे वडील मूळचे वराडचे, वराड मालवण तालुक्यात आहे एवढं सांगा, राजकारणात शिरू नका.

पबमधे जायला संकोच वाटत असेल तर टायडी टाउन्सपासून सुरुवात करा. १९५८ पासून चालत आलेली स्पर्धा आहे, गावोगावची माणसं त्यासाठी रस्ते झाडतात, कुंड्या लावतात. त्यासाठी कधी जमायचं त्याचा कागद बहुतेक दुकानाच्या दारावर लावलेला असतो. हातमोजे नसले तरी जा, कुणीतरी देतं.