घोट्याची प्रश्नावली अरबीत नेताना

घोट्याच्या दुखापतीची प्रश्नावली अरबीत आणायची म्हटलं की नवख्या माणसाला ते भाषांतराचं काम वाटतं. भाषांतर हा त्यातला सोपा भाग. सगळा वेळ खातो तो दुसराच प्रश्न : कैरोचा फुटबॉलपटू आणि कासाब्लांकाचा धावपटू तोच प्रश्न वाचून त्याच सांध्याबद्दल आणि त्याच त्रासाबद्दल उत्तर देतायत ना? आखाती देशांत काम करणाऱ्या किंवा तिथे प्रबंधाचा विषय शोधणाऱ्या आपल्याकडच्या फिजिओथेरपिस्टसाठी हे टिपण आहे.

उदाहरण म्हणून कंबरलँड अँकल इन्स्टॅबिलिटी टूल, म्हणजे सीएआयटी घेऊ. २००६ साली प्रसिद्ध झालेली ही ९ प्रश्नांची आणि ३० गुणांची प्रश्नावली डाव्या-उजव्या घोट्याचे गुण वेगवेगळे मोजते. गुण जितके कमी तितका घोटा डळमळीत. कामाला हात घालण्याआधी अरबी आवृत्ती झालेली आहे का ते शोधा, कारण घोट्याच्या काही प्रश्नावल्या अरबीत आलेल्या आहेत. असेल तर तीच वापरा आणि तुमच्या खेळाडूंवर तपासून घ्या. एकाच प्रश्नावलीच्या दोन अरबी आवृत्त्या फिरू लागल्या की त्यांच्या गुणांची तुलना करताना सगळ्यांचीच पंचाईत होते. नसेल, तर मूळ कर्त्यांची लेखी परवानगी आणि नीतिसमितीची मान्यता मिळाल्यावरच पुढे जा.

पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि बहुतेक जण बीटन आणि सहकाऱ्यांची २००० सालची पद्धत वापरतात. अरबी मातृभाषा असलेले दोघे स्वतंत्रपणे भाषांतर करतात. त्यातला एक विषय जाणणारा, दुसरा वैद्यकाशी संबंध नसलेला. दोन्ही मसुदे जुळवून एक होतो. मग मूळ प्रश्नावली कधीही न पाहिलेले दोघे तो पुन्हा इंग्रजीत आणतात. त्यानंतर तज्ज्ञ समिती बसते आणि शेवटी ३० ते ४० जणांवर पूर्वचाचणी होते. नवखे लोक फसतात ते उलट भाषांतराच्या पायरीवर. इंग्रजी हुबेहूब परत आलं की त्यांना हायसं वाटतं. पण शब्दाला शब्द ठेवून केलेलं गचाळ अरबीसुद्धा हुबेहूबच परत येतं! उलट भाषांतराने सुटलेला किंवा उलटा झालेला अर्थ सापडतो, वाचणाऱ्याची अडचण सापडत नाही.

सुरुवात ‘घोटा’ या शब्दापासूनच होते. प्रमाण अरबीत ‘काहिल’ आहे, पण तो पुस्तकी. रोजच्या बोलण्यात ‘रिज्ल’ चालतो आणि तो आपल्या ‘पाय’सारखाच मांडीपासून बोटांपर्यंत कुठेही लागतो. ‘रुस्घ’ म्हटलं तर बहुतेकांचा हात मनगटाकडे जातो. टंकलेखनाचा धोका वेगळाच : अरबीत दोन निरनिराळे ‘ह’ आहेत आणि ‘काहिल’मध्ये चुकीचा पडला तर शब्दाचा अर्थ खांद्यांमधली पाठ असा होतो. म्हणून पहिल्याच पानावर घोट्याचं साधं रेखाचित्र द्या आणि ‘काहिल’च्या जोडीला एकदा ‘पाऊल आणि नडगी यांच्यामधला सांधा’ असं लिहा.

‘जॉग’ आणि ‘रन’ यांतला फरक सातव्या प्रश्नात गुण बदलतो, तेव्हा दोन्हींना एकच शब्द चालणार नाही. ‘हरवला’ आणि ‘जरी’ ही जोडी बरी पडते. मक्केत सफा-मरवा या टेकड्यांमधल्या हिरव्या खुणांत पुरुष ज्या चालीने जातात तिलाच हरवला म्हणतात, त्यामुळे तो शब्द शाळा न शिकलेल्यालाही ठाऊक असतो. पाचव्या प्रश्नातल्या चवड्याला मात्र आपल्यासारखा घरगुती शब्द सहज मिळत नाही. ‘पावलाचा पुढचा भाग’ असं उलगडून लिहावं लागतं. आठव्या प्रश्नात घोटा मुरगळायला लागला की तो सावरता येतो का, असं विचारलंय. भाषांतरात ‘मुरगळायला लागला’चं ‘मुरगळला’ झालं, की ज्याला दरवेळी सावरता येतं तोही गोंधळतो आणि ‘कधीच मुरगळला नाही’ या पर्यायावर खूण करतो. दुसऱ्या प्रश्नात ‘खेळताना कधीकधी’ आणि ‘खेळताना वारंवार’ यांच्यापुढे कंसात खुलासा आहे : दरवेळी नाही, दरवेळी. जागा वाचवायला तो कंस गाळू नका. अरबीतल्या वारंवारतेच्या शब्दांच्या सीमा माणसागणिक सरकतात, त्या या कंसानेच जागेवर राहतात.

व्याकरणात एक सोय आहे. अरबी क्रियापदाला आज्ञार्थात स्त्री-पुरुष भेद आहे, पण वर्तमानकाळाच्या प्रथमपुरुषी एकवचनात तो नाही. ‘मी एका पायावर उभी राहते’ आणि ‘उभा राहतो’ यांना अरबीत एकच रूप. प्रश्न ‘मी’ने लिहिले की खेळाडू पुरुष असो वा स्त्री, एकच कागद चालतो. सूचनांमध्ये ‘निवड’ असा आदेश देण्याऐवजी ‘निवड करण्याची विनंती’ अशी नामाची रचना ठेवा.

मग पानाची मांडणी. तक्ता उजवीकडून डावीकडे वळवला की स्तंभांची अदलाबदल होते आणि ‘डावा-उजवा’ची शीर्षकं कधी सोबत जातात, कधी जुन्या जागी राहतात. छापण्याआधी दहा काल्पनिक उत्तरं भरून पाहा. वेदनेची १० सेंटिमीटरची रेषा सोबत देणार असाल तर शून्य कोणत्या टोकाला, ते ठरवा आणि मोजणाऱ्यालाही सांगा. आकड्यांचं तर आपल्या डोळ्यांना विशेष जपावं लागतं : मश्रिकी, म्हणजे पूर्वेकडच्या अरब देशांतल्या, आकड्यांतला पाच हा आपल्या शून्यासारखा गोल आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. मगरिबात, म्हणजे मोरोक्को-अल्जीरियाकडे, १-२-३ ची युरोपीय रूपंच चालतात. माहिती भरणारा माणूस मराठी असेल तर पहिले वीस कागद दुसऱ्याकडून पडताळून घ्या.

पूर्वचाचणीत ‘समजलं का?’ असं विचारू नका. उत्तर ‘हो’च येतं. खेळाडूला घोट्यावर बोट ठेवायला सांगा, प्रश्न त्याच्या स्वतःच्या बोलीत पुन्हा सांगायला लावा, आणि हाच पर्याय का निवडला ते विचारा. एकाच देशाचे चाळीस जण घेऊ नका. प्रशिक्षक खोलीत नको. संघातली जागा जाईल या भीतीने दुखणारा घोटा ‘एकदम ठीक’ होतो.

नमाजमध्ये बसताना घोटा ताणला जातो, तेव्हा त्यावर एक प्रश्न वाढवावा असं समितीत कुणीतरी हमखास सुचवतं. सूचना चांगली आहे, पण दहावा प्रश्न घातला की ३० गुणांची मोजपट्टीच बदलते आणि इतर भाषांतल्या निकालांशी तुलना संपते. तो वेगळ्या पानावर, गुणांबाहेर ठेवा.

आकडेमोडीकडे वळू. पुनर्चाचणीसाठी किमान ५०, शक्य तर १०० खेळाडू घ्या आणि दोन वेळांत एक ते दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. नुकता मुरगळलेला घोटा या काळात सुधारतो आणि प्रश्नावली उगाच अविश्वसनीय ठरते, म्हणून जुनाट त्रासाचेच घ्या. एका माणसाचे दोन घोटे म्हणजे दोन स्वतंत्र नोंदी नव्हेत. एकच निवडा. आयसीसीवर, म्हणजे दोन वेळचे गुण किती जुळतात हे सांगणाऱ्या ० ते १ मधल्या आकड्यावर, थांबू नका. समजा गुणांचं प्रमाण विचलन ६ आणि आयसीसी ०.९१ आला. १ मधून ०.९१ वजा करून वर्गमूळ घ्या, ते ०.३. त्याला ६ ने गुणलं की मोजमापाची प्रमाण त्रुटी १.८. तिला १.९६ ने आणि २ च्या वर्गमूळाने गुणलं की जवळपास ५. एवढा फरक निव्वळ मोजमापाच्या त्रुटीनेही पडू शकतो. म्हणजे एखाद्या खेळाडूचे गुण ३ ने वाढले तर त्याला सुधारणा म्हणता येत नाही. कमाल गुण मिळवणारे १५ टक्क्यांहून जास्त असले तर मोजपट्टी वरच्या टोकाला अडते असं मानतात. पण निरोगी घोटे ३० च्या आसपास असणारच, म्हणून हा हिशेब फक्त दुखापतवाल्यांवर करा.

सीमारेषा उसनी घेऊ नका. मूळ अभ्यासात २७ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे अस्थिर घोटा होता, तर आंतरराष्ट्रीय अँकल कन्सॉर्शियम या घोट्याच्या संशोधकांच्या गटाने संशोधनासाठी २४ किंवा कमी सुचवले. तुमच्या गटातले अस्थिर आणि निरोगी घोटे प्रश्नावली न पाहता, मुरगळण्याचा इतिहास आणि तपासणी यांवरून आधी वेगळे करा आणि मगच आरओसी आलेख, म्हणजे कोणती सीमारेषा दोन्ही गट सर्वांत नीट वेगळे करते हे दाखवणारा आलेख, काढा. आणि कागदावर तपासलेली आवृत्ती कुणी मोबाइलवर चढवली, तर डाव्या-उजव्याचे रकाने आणि कंस तिथे टिकलेत का, हे पुन्हा चार-पाच खेळाडूंच्या हातात फोन देऊन पाहा.